ती तोंड झाकलेली पोरगी कोण?

९ जानेवारी, शुक्रवार

आज भाविकवरचा पिक्चर आला. गाण्यांचा पिक्चर नव्हे, खऱ्या माणसावरचा, माहितीपट म्हणतात तो. मुंबईची मंडळी दोन वर्षं कॅमेरे घेऊन आमच्या माळशेज रोडवरून ये-जा करत होती. टोकावड्याला माझ्या हॉटेलात चहा प्यायली, गावठी कोंबडीच्या रश्श्यात भाकऱ्या कुस्करून जेवली, आणि शेवटी आज तो मोबाइलवर लागला. नाव ठेवलंय 'घंटेनंतर'. नाव दिसताच पोरं खो-खो हसली. कोणीतरी मुंबईकरांना आधीच सांगायला हवं होतं.

ही वही नवी आहे, बँकेच्या कॅलेंडरबरोबर फुकट आलेली. वंदनाने काल हातात ठेवली आणि बोलली, "तुमच्या तोंडात तीळ भिजत नाय. काय सांगायचं ते यात लिवत जा. गल्ल्यावर बसून आपल्या घरची बातमी पार आळेफाट्यापर्यंत पोचवता तुमी." बायको खोटं बोलत नाही. मला एखादा प्रश्न पडला की विचारल्याशिवाय राहवत नाही आणि उत्तर मिळालं की सांगितल्याशिवाय.

तर भाविक पष्टे. इथून जवळच्याच वाडीतला पोरगा. जाळीच्या पिंजऱ्यात लढतो. लाथा, बुक्क्या, धरून पाडणं, हातपाय पिरगाळणं, सगळं चालतं त्यात. सहन होईनासं झालं की हाताने थापटायचं. समोरच्याने थापटलं की तो हरला, त्याला लगेच सोडायचं, हा नियम. गेल्याच्या गेल्या वर्षी फेरी संपल्याची घंटा वाजल्यावर भाविकने एका पोराला बुक्की मारली. त्याचा जबडा मोडला, आणि भाविकवर वर्षभर बंदी आली. अर्ध्या देशाने शिव्या घातल्या. आमच्याकडे मात्र त्याचे बॅनर आणखी मोठे झाले. माझ्या गल्ल्यामागे त्याचा-माझा फोटो आहे, त्याच्या बाजूला माझी मिताली त्याच्या अकॅडमीत हातमोजे घालून उभी आहे तो फोटो, आणि बाहेर फॅन क्लबचा बोर्ड. सव्वीस जानेवारीला त्याचा सत्कारही माझ्याच हॉटेलात आहे.

संध्याकाळी फॅन क्लबचा अध्यक्ष प्रज्वल आला. त्याने मोबाइल टीव्हीला जोडला. टेबलं भिंतीला लावून पोरं खाली बसली. भाविकची आई रस्त्याच्या कामावर खडी वाहायची, ते आलं तेव्हा प्रज्वलसारखा दांडगा गडी नाक ओढत होता. घंटेनंतरची बुक्की दाखवली तेव्हा शिट्ट्या झाल्या. मग तीच बुक्की परत दाखवली, हळू हळू, आणि त्यानंतर तो जबडा मोडलेला पोरगा नळीने पेज पिताना दाखवला. या वेळी शिट्टी आली नाही. पिकअप चालवणारा कान्हा उठून बाहेर गेला, टायर बघून येतो बोलला.

आणि मग ती पोरगी. तोंडावर धुकं सोडलेलं, आवाज डब्यातून आल्यासारखा बदललेला. दिसत होते ते फक्त हात. ती अकॅडमीत शिकायला होती. सरावात भाविकने तिला धरलं, मोबाइलवर व्हिडिओ काढणं चालू होतं. "मी थापटलं. परत परत थापटलं. त्यानं सोडलं नाय," असं म्हणाली. पुढे काय झालं ते सांगितलंच नाही. थांबली, आणि नुसते हात चालत राहिले.

"कोण आहे रे ही?" प्रज्वल ओरडला. "पैसे देऊन बसवलीय!"

मलाही तेच. कोण असेल?

१० जानेवारी, शनिवार

दिवसभर पिक्चरखालच्या कमेंटी वाचल्या. दोन गिऱ्हाइकांना डाळीऐवजी ताक दिलं. काय काय लिहितात लोक! एकाचं म्हणणं, हा पिक्चर भाविकची बदनामी करायला काढलाय. दुसऱ्याचं, भाविकनेच पैसे देऊन काढून घेतलाय. पिक्चर एकच. एक नाशिकचा लिहितो, दादा, तुमच्यामुळे मी दारू सोडली. त्याच्याखाली एक जण, दादा, तुमच्यामुळे मी जिम सोडली. एका बाईने लिहिलंय की भाविकच्या आईला बघून मला माझी आई आठवली, पण त्या पोरीलाही आई असेलच ना. तिला लोकांनी इतक्या शिव्या घातल्या की तिने ते काढून टाकलं. मी वाचलं होतं म्हणून इथे लिहून ठेवतो.

सगळ्यात जास्त भांडण त्या पोरीवरूनच. निम्मे म्हणतात खोटी, निम्मे म्हणतात तोंड दाखव मग बोल.

मितालीला फोन केला. ती आटगावला मावशीकडे राहून कल्याणला लॅबचा कोर्स करते. पाहिलास का विचारलं, तर बोलली, "टाइम नाय पप्पा, परीक्षा हाय." एके काळी हीच पोरगी भाविकची प्रत्येक लढत तोंडपाठ सांगायची. मे महिन्यात मावशीकडे न्हाणीत पाय घसरून गुडघा दुखावला तेव्हापासून अकॅडमी सुटली आणि गोडीही गेली. गुडघा कसा आहे विचारलं. बराय बोलली.

१२ जानेवारी, सोमवार

हनुमानतात्या चहाला आले. तरुणपणी जत्रांतल्या कुस्त्या मारलेला माणूस, अजून मान रेड्यासारखी. त्यांना ती बुक्की दाखवली. भाविक पिक्चरमध्ये छातीवर हात ठेवून सांगतो की घंटा ऐकूच आली नाही, एवढा गोंगाट होता. तात्यांनी तीनदा बघितलं आणि कप उलटा ठेवून बोलले, "मुकेश, त्याचा कान बघ."

मी पुन्हा पुन्हा लावून पाहिलं. घंटा होते तेव्हा भाविकचं डोकं जरासं तिकडे वळतं. मग परत फिरतं. मग बुक्की.

म्हणजे ऐकलं असेल का? का उगाच मान हलली? माणसाची मान शंभर कारणांनी हलते. प्रज्वलला हे सांगायचं ओठांवर आलं होतं, पण सांगितलं नाही. का नाही सांगितलं ते मलाच कळेना. सत्काराचं जेवण माझ्याकडे आहे म्हणूनही असेल.

१५ जानेवारी, गुरुवार

सापडलं! पिक्चरवाल्यांनी तोंड झाकलं, आवाज झाकला, पण हात झाकायला विसरले.

आज दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, तेव्हा तेवढाच तुकडा मोठा करून पाहिला. पोरगी बोलता बोलता भाजी साफ करतेय. आणि भाजी कुठली, तर शेवळं! मुंबईकरांना तो कुठला तरी कोंब वाटला असेल. शेवळं आमच्या रानात मृगाच्या आगेमागे निघतात आणि थोड्याच दिवसांत संपतात. म्हणजे हे चित्रण गेल्या जूनमधलं. एवढं तर कोणीही सांगेल. पण पुढचं माझ्याशिवाय कोणी सांगितलं नसतं. शेवळाचा आतला पिवळा भाग खाजरा, तो काढून टाकतात आणि भाजीत काकडं नावाचं आंबट रानफळ घालतात, म्हणजे घसा धरत नाही. आमच्याकडे बायका ते विळीवर कापून काढतात. ही पोरगी मात्र अंगठ्याच्या नखाने खुडते, आणि डाव्या तळव्यात ठेचलेलं काकड धरून दर वेळी त्यावर अंगठा घासते, हाताला खाज येऊ नये म्हणून. ही रीत मी जन्मात एकाच घरी पाहिली, माझ्या सासुरवाडीला, डोळखांबकडे. वंदनाही तशीच करते.

म्हणजे पोरगी डोळखांबकडची. मला स्वतःचीच पाठ थोपटावीशी वाटली.

प्रज्वल आल्या आल्या सांगितलं. तो बघतच राहिला. "काका, तुमी पोलिसात पायजे होतात!" मग त्याने बोटांवर हिशेब केला. अकॅडमीत पोरी मोजक्याच. "आपली मिताली सोडा, ती घरची. बाकीच्या मुरबाडच्या. डोळखांबकडची एकच, ती भिमी."

संध्याकाळी मोठ्या उत्साहाने वंदनाला सांगितलं. ती भाकरी थापत होती. "कोनाच्या हातात काय हाय ते बघायला तुमाला कोनी सांगितलं होतं?" एवढंच बोलली. भाकरी तव्यावर करपली तरी उलटली नाही. मला वाटलं होतं, तिच्या माहेरच्या रीतीचं कौतुक केलं म्हणून खूश होईल. बाईमाणसाच्या मनातलं कळत नाही.

१६ जानेवारी, शुक्रवार

भिमीचा फोटो सगळीकडे फिरतोय. अकॅडमीच्या जुन्या फोटोतून कापून काढलाय, खाली 'हीच ती गद्दार'. पुढे जे लिहिलंय ते मी या वहीत लिहिणार नाही. हे असं होईल असं वाटलं नव्हतं. मी फक्त कोण ते सांगितलं होतं.

मितालीला फोन लावला. ती तिथे शिकायला होती, तिला नक्की ठाऊक असेल.

"तुला काय वाटतं, भिमीच का गो ती?"

तिकडे दार लावल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "पप्पा, तुमाला कशाला पायजे?"

"असंच. जीव लागून राहिलाय."

"ती सापडली तर काय करनार तुमी?"

याचा मी विचारच केला नव्हता. काय करणार? बघितलं असतं, विचारलं असतं, पुढे काय झालं ते. तसं सांगितलं. तिने फोन ठेवला. रागावली बहुतेक, परीक्षेचा ताण आहे.

१८ जानेवारी, रविवार

आज डोळखांबला जाऊन आलो. जायला नको होतं.

प्रज्वल बोलला, काका चला, तुमची सासुरवाडी तिकडची, तुमाला लोक ओळखतात. कान्हाची पिकअप काढली. मागे चार पोरं. सरळगाव, किन्हवली करत डोळखांब, तिथून आत कच्च्या रस्त्याने पाड्यावर. अर्ध्याअधिक घरांना कड्या. लोक भात झोडून झालं की वीटभट्टीवर जातात, ते पावसाला परततात. भिमीचे आईबापही गेलेले. घरात ती आणि तिची आजी धोंडाबाई.

म्हातारीला वाटलं आम्ही पाहुणे. तिने खाट टाकली, तांब्या आणला, मला तर "जावई" म्हणाली, वंदनाला लहानपणापासून ओळखते म्हणे. आम्ही सगळे पाणी प्यायलो. पाणी पिऊन झाल्यावर प्रज्वलने मोबाइल काढला.

भिमी मागच्या वालाच्या शेतातून ओच्यात शेंगा घेऊन आली. बारकी, काळीसावळी, चालणं मात्र खेळाडूचं. पोरांना बघून थांबली. शेंगा खाली ठेवल्या नाहीत.

"माफी मागायची व्हिडिओवर," प्रज्वल बोलला. "दादाचं नाव खराब केलंस."

"मी नाय ती."

"मग कोण?"

"मला ठावं हाय. सांगनार नाय."

पोरांनी गलका केला. कोणी तरी दाराच्या कुडाला लाथ घातली. धोंडाबाईला कळेना की पाणी प्यायलेली माणसं अशी का ओरडतायत. ती माझ्याकडेच बघत होती, मी जावई ना. मी पुढे होऊन पोरांना गप्प केलं. कान्हाही मध्ये पडला. आणि मग मला राहवलं नाही, मी माझा प्रश्न विचारलाच.

"पोरी, तुमी शेवळं कशी साफ करता?"

सगळे माझ्याकडे वेड लागल्यासारखे बघायला लागले. भिमी मात्र हसली नाही. "आमी इळ्यानं कापतो. अंगठ्यानं कोन करील, आग हुते हाताची. काकड हातात धरून करायची रीत माझ्या मैतरनीची. ती तिच्या आयशीकडून शिकली."

"मैत्रीण कोण?"

ती माझ्याकडे बघत राहिली. तिला राग यायला हवा होता. राग नव्हता. म्हातारं माणूस रस्ता चुकलं की पोरं बघतात तसं काहीतरी होतं. "काका, तुमी घरी जा," म्हणाली.

परत निघालो. प्रज्वल तेवढा म्हणत होता, खोटं बोलते. कान्हाने त्याला किन्हवलीला उतरवायची धमकी दिली.

मैत्रीण. डोळखांबच्या बाहेरची, पण आई डोळखांबची. अशी कोण असेल? डोकं दुखतंय. जेवलो नाही.

१९ जानेवारी, सोमवार

सकाळी वंदना लसूण सोलत बसली होती. मी समोर बसलो.

"तुझ्या आईची ती काकडाची रीत अजून कोणाला येते?"

"मला. आटगावच्या ताईला."

"अजून?"

तिने पाकळी खाली ठेवली. "तुमाला खरंच म्हाईत नाय का?"

मी खरंच सांगतो, वहीत खोटं लिहायचं कारण नाही. मला माहीत होतं. डोळखांबला कळलं होतं, बहुतेक पंधरा तारखेलाच कळलं होतं. पण कळलेलं टाळून मी दुसरीकडे बघत चाललो होतो. आमच्या घरी जूनमध्ये ताटात शेवळाची भाजी येते, ती कोण साफ करतं ते मी बघितलंच नव्हतं. भाजी आली, खाल्ली, छान झाली म्हटलं.

न्हाणीत पाय घसरला नव्हता.

वंदनाने सगळं सांगितलं. सरावात भाविकने मितालीचा पाय धरून पिरगाळला, हिने थापटलं, त्याने सोडलं नाही. मुंबईची मंडळी माहिती काढत आटगावपर्यंत पोचली. चित्रण ताईच्या घरी झालं. बोलताना हात कुठे ठेवावेत ते मितालीला कळेना म्हणून वंदनानेच तिच्यापुढे शेवळांनी भरलेलं सूप सरकवलं. वंदना कॅमेऱ्याच्या मागे बसून होती. त्या दिवशी ताईकडे पूजा आहे सांगून गेली होती, मला आठवतं. मी प्रसाद का आणला नाही म्हणून विचारलंही होतं.

"मला का नाय सांगितलं?"

"आमी सांगनार हुतो. तुमी गल्ल्यावर बसून भाविकच्या शाळेतल्या गोष्टी सांगत हुतात गिऱ्हाइकाला. त्याच्याच फोटोखाली."

प्रज्वलला फोन केला. भिमीचा फोटो काढ, ती नाही, मला खात्री आहे. तो बोलला, "मग कोण? तुमीच तर डोळखांब सांगितलंत." आयुष्यात पहिल्यांदा उत्तर असून गप्प राहिलो. पण त्याने त्या पोरीचं भलं झालं नाही. फोटो फिरतोच आहे.

२२ जानेवारी, गुरुवार

भिमीच्या आईबापाला वीटभट्टीवर कोणी तरी फोटो दाखवला. बाप काम टाकून घरी आला. भिमी ज्या आश्रमशाळेत पोरांना पळायला शिकवते तिथे पण फोन गेलेत. हे कान्हाने सांगितलं. तो फॅन क्लबच्या ग्रुपमधून बाहेर पडला.

मी काय करायचं? एकच वाक्य बोललो तर भिमी सुटते. ते वाक्य बोललो की सगळं तेच माझ्या पोरीवर येतं. आणि हेही लिहितो, लाज वाटते तरी लिहितो. सत्कार, जेवणावळ, रोज बसणारी पोरं, हे पण मनात आलं. भाविकमुळेच टोकावड्याच्या एवढ्या ढाब्यांत माझा ढाबा लोकांना माहीत आहे.

२४ जानेवारी, शनिवार

मिताली दुपारच्या एसटीने आली. उतरताना दांड्याला धरून आधी डावा पाय, मग उजवा. एवढे दिवस मी हे बघितलं होतं आणि काही बघितलं नव्हतं.

भाविकचा फोटो गल्ल्यामागे नव्हता, मी सकाळीच काढला होता. ती त्याबद्दल काही बोलली नाही. चहा घेतला आणि म्हणाली, "पप्पा, मी उद्या माझं नाव सांगनार हाय. तोंड दाखवून. भिमी माझ्यापायी कशाला मार खाईल?"

मी म्हटलं, पोरं तुला खातील. परीक्षा आहे, लग्नाचं वय आहे, लोक काय बोलतील. बापांच्या तोंडात जे जे असतं ते सगळं बोललो.

तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "त्या कॅमेरावाल्यांना सांगितलं, कारन ते बोलले, तुझं तोंड झाकतो. घरात बोलले असते तर कोन झाकनार होतं?"

वंदना तिच्या बाजूला जाऊन बसली. मी समोर एकटा. मी म्हटलं, ठीक आहे, मी पण बसतो व्हिडिओत. ती हसली थोडी. "तुमी नको. तुमी मधेच प्रश्न विचाराल."

२५ जानेवारी, रविवार

टाकला व्हिडिओ. स्वच्छ उजेडात बसली होती, केस बांधून, शांतपणे. आधी भिमीचं नाव घेऊन सांगितलं की ती नव्हे, मी. नंतर बाकीचं. भिमीचा फोन आला, दोघी बोलल्या कमी आणि रडल्या जास्त.

दुपारी भाविकचा फोन आला. माझ्या मोबाइलवर, खुद्द. एरवी हॉटेलभर सांगत सुटलो असतो.

"काका, ती तुमची पोरगी का? आईची शपथ, मला म्हाईत नव्हतं."

मला खरंच जाणून घ्यायचं होतं म्हणून विचारलं. "म्हणजे माझी नसती तर?"

"काका, तो खेळ हाय. खेळात होतं."

"घंटा ऐकली होतीस का रे तू?"

त्याने फोन ठेवला.

त्यानंतर प्रज्वलला कळवलं की उद्याचं जेवण माझ्याकडे होणार नाही. फॅन क्लबचा बोर्ड मीच उतरवला. स्टुलावर चढताना वंदनाने स्टूल धरलं.

२८ जानेवारी, बुधवार

सत्कार पुढच्या ढाब्यावर झाला. फटाक्यांचा आवाज इथपर्यंत आला. माझ्याकडे दोन दिवस फक्त ट्रकवाले आणि एसटी चुकलेली माणसं. व्हिडिओखाली शिव्या आहेत, भरपूर आहेत. पण मुरबाडच्या एका पोरीने लिहिलंय, माझ्याबरोबर पण झालं होतं. काल अजून एकीने. वंदना मला ते वाचून दाखवते, मला स्वतः वाचायची हिंमत होत नाही.

आज कान्हा आला. गाडी लांब उभी करून चालत आला, बहुतेक पोरांना दिसू नये म्हणून. चहा मागितला, प्यायला नाही. बोटाने टेबलावर रेघा ओढत बसला. मग हळूच विचारलं, "काका, लय दुखलं असंल ना तिला?"

मला माहीतच नव्हतं. कुठल्या महिन्यात चित्रण झालं, कुठली भाजी, कुठली रीत, सगळं शोधून काढलं होतं मी. हे विचारलं नव्हतं. सगळं कळून नऊ दिवस झाले तरी विचारलं नव्हतं.

कान्हाला तसाच बसवून मागे गेलो. मिताली भिजलेले वाल सोलत होती, पाय लांब सोडून. मी तिच्याजवळ जमिनीवर बसलो आणि विचारलं, दुखलं का गो खूप?

तिने दोन-चार वाल सोलले. मग बोलायला लागली.

"दुखलं ते नंतर. आधी आवाज आला. मला वाटलं बाहेर कोनी लाकूड मोडलं. मग भाविकदादा बोलला, ऊठ, परत घे, व्हिडिओ नीट नाय आला. मी उठले."

"उठलीस?"

"उठले. परत दिला पाय."

"का पण?"

ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुमी येनाऱ्या-जानाऱ्या सगळ्यांना सांगायचात ना पप्पा, माझी पोरगी कधी रडत नाय म्हनून."

मला पुढचा प्रश्न सुचला नाही.